मुकादमाचा खोकला

खोकला नक्की कोणाचा, हा त्या हिवाळ्यात रजनी ओगल्यांच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. तीन आखूड आणि एक लांब, शेवटी घशात काहीतरी खरवडल्यासारखं. हा खोकला मुळात तिच्या नवऱ्याचा, अनिलरावांचा. पण घरातल्या मुकादमाने तो ऐकून ऐकून असा काही उचलला होता की खुद्द अनिलरावांनीही मान वळवून बघावं. मुकादम म्हणजे त्यांचा पाळलेला कॉकटील. पोपटाच्याच कुळातला, साळुंकीहून जरा मोठा, अंगाने राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर शेंदरी टिकल्या. घरातल्या प्रत्येक कामावर उंच जागी बसून देखरेख करायची त्याला सवय, म्हणून हे नाव.

स्वयंपाकघरात रजनीचा हात फोडणीवर असायचा आणि बाहेरून खोकला यायचा. ती झारा तसाच धरून कान द्यायची. "कोण ते?" ती विचारायची. उलट शीळ आली तर मुकादम. "मी गं" असं आलं तर अनिलराव. आणि काहीच आलं नाही, तर गॅस बारीक करून ती बाहेर जाऊन बघून यायची. दिवसातून किती वेळा हे चाले, ते तिने कोणालाही सांगितलं नसतं.

रजनी मूळची साताऱ्याची. रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या माणसाशी लग्न झालं आणि खरगपूर, चक्रधरपूर, आद्रा, टाटानगर असं करत करत ती कोलकात्यात गार्डन रीचच्या मुख्य कचेरीपर्यंत येऊन पोहोचली. प्रत्येक गावी तिने काहीतरी लावलं, वाढवलं आणि बदलीचा कागद आला की शेजारणीच्या ओटीत टाकून निघाली. तुळस, कढीपत्ता, एकदा तर चांगलं दोन वर्षांचं मांजर. अनिलराव माणूस सज्जन, पण बोलण्याच्या बाबतीत तार पाठवल्यासारखा हिशेब, शब्दागणिक पैसे पडतात जणू. "जेवलीस?", "निघतो", "पंखा". झालं. सुरुवातीच्या काळात रजनी स्वतःच दोघांच्या वाटचं बोलायची. पण भिंतीवर चेंडू मारून मारून माणूस किती मारणार? हळूहळू तीही गप्प झाली. भांडण नाही, अबोला नाही, नुसती शांतता. घर चालत होतं.

बोलायची हौस तिने बाजारात भागवली. भाजीवाल्या, मासेवाल्या, क्वार्टर्समधल्या शेजारणी, सगळ्यांशी बोलून बोलून तिने बंगाली असं पक्कं केलं की रिक्षावाला तिला बर्दमानकडची समजायचा. अनिलराव इतकी वर्षं बंगालमध्ये राहूनही हिंदी आणि इंग्रजीवरच राहिले. कुठे बंगालीत बोलायची वेळ आली की ते बायकोकडे बघायचे आणि ती बोलायची. निवृत्तीनंतर सॉल्ट लेकमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा फ्लॅट घेतला. आता बदली नाही, या एका विचारानेच पहिल्या महिन्यात रजनीचं वजन दोन किलोनं वाढलं.

पक्षी आणले शंतनुने. हा त्यांचा मुलगा, तेव्हा जवळच सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला होता. रविवारच्या पक्षीबाजारातून त्याने कॉकटीलचं पिल्लू आणि चार बद्री आणले. आपल्याकडे लोक ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात तेच हे इवलेसे हिरवे-निळे पक्षी, इथे त्यांना बद्री म्हणतात. वर्षाच्या आत शंतनुला पुण्याला नोकरी लागली. "आई, तोपर्यंत तू सांभाळ," म्हणाला. तो 'तोपर्यंत' कधी संपला नाही, आणि संपावा असं रजनीला वाटलंही नाही.

पक्षी पाळणं म्हणजे काय, हे पाळल्याशिवाय कळत नाही. सकाळी साडेपाचला त्यांचा कालवा सुरू होतो, मग तुम्हाला झोप आलेली असो वा नसो. टरफलं स्वयंपाकघरापर्यंत उडतात. काळ्या ब्लाउजवर नेमकी पांढरी शीट पडते. कॉकटीलच्या अंगातून तर पिठासारखी पांढरी भुकटी झडते, टीव्हीवर सकाळी फडकं मारलं तरी संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. कुठे जायचं म्हटलं की यांची सोय काय? नाशिकला सख्ख्या पुतणीचं लग्न रजनीने यांच्यापायी चुकवलं आणि जाऊबाईंचा राग ओढवून घेतला. पण तिला त्याचं काही नव्हतं. बाजारात पक्ष्यांचं खाणं म्हणून राळे मिळतात, हे बघून ती पहिल्यांदा हरखलीच होती. लहानपणी साताऱ्याला राळ्याचा भात खाल्लेला. ती मूठभर राळे वाटीत घालून गॅलरीत स्टुलावर बसायची आणि मुकादम तिच्या खांद्यावर येऊन कानाची पाळी हलकेच चोचीत धरायचा. मग तिचं बोलणं सुरू. समोरच्या घोषबाईंची सून काय म्हणाली, परवल कसे महाग झालेत, गुडघा कुठे दुखतो, स्वप्नात आई आली होती ती कोणती साडी नेसली होती. मुकादम मान तिरकी करून सगळं ऐकायचा आणि मधूनच शीळ घालायचा. वीस वर्षं तुंबलेलं पाणी वाहायला लागावं, तसं तिचं झालं. ती सकाळी गुणगुणायला लागली.

अनिलराव आधी कुरकुरले, "घाण." मग एक दिवस रजनीचा गुडघा सुजला आणि पिंजरे साफ करायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. ते पठ्ठे सिग्नलच्या खात्यातले. ट्रे काढायचा, वाळलेलं खरवडायचं, कुंच्याने झाडायचं, जाळीचा एकेक गज फडक्याने पुसायचा. अर्धा-पाऊण तास रोज, न चुकता, तोंड पिंजऱ्यात घालून. रजनीचा गुडघा पुढे बरा झाला, पण काम त्यांच्याकडेच राहिलं. तिला वाटलं, लागलंय मन तर लागू दे.

खोकला पावसाळ्यानंतर सुरू झाला. आधी कोरडा. मग जिना चढताना दम. संध्याकाळी कणकण. पॅरासिटामॉल झाली, अडुळसा झाला, मध-आलं झालं. ऑक्टोबरमध्ये दोघं आठ दिवस पुरीला गेले. पक्षी तेवढे दिवस गार्डन रीचला, देवयानीकडे ठेवले. देवयानी म्हणजे रेल्वे क्वार्टर्समधली त्यांची जुनी शेजारीण. पुरीत तिसऱ्या दिवशी खोकला थांबला. अगदी बंद. अनिलराव वाळूतून अर्धा मैल चालले. "समुद्राची हवा," रजनी म्हणाली. घरी आले, पक्षी परत आले, आणि चौथ्या दिवशी खोकलाही परत आला.

त्या दिवशी रजनीच्या मनात पहिल्यांदा पिंजऱ्यांचा विचार आला. तिने तो विचार कोणालाच सांगितला नाही, स्वतःलासुद्धा पुरता सांगितला नाही. कोलकात्याची हवा वाईट आहे, असं ती म्हणायला लागली. हवा वाईट आहेच, त्यात खोटं काही नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच?

नोव्हेंबरात छातीच्या डॉक्टरांकडे जाणं झालं. डॉक्टर सान्याल म्हातारे, प्रेमळ आणि जरा बोलके. इंग्रजी उत्तम बोलत, पण रजनीचं बंगाली ऐकल्यावर ते इतके खूश झाले की अनिलरावांना तपासता तपासता सगळे प्रश्न तिलाच विचारू लागले. अनिलराव शर्टाची बटणं लावत बसून राहिले. सिगारेट? नाही. कारखाना, सिमेंट, गिरणी? नाही. घरात ओल? नाही. मग डॉक्टरांनी पेन थांबवलं. उत्तर कोलकात्यात गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्यांची फुफ्फुसं तपासण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली, त्यामुळे हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत.

"बाडिते पायरा आछे?" घरात कबुतरं आहेत?

"ना ना," ती पटकन म्हणाली, "पायरा नेई."

उत्तर खरं होतं. धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' खरंच होतं की! घरात कबुतर नव्हतं, हे ती देवासमोर शपथेवर सांगू शकली असती. पुरीचं मात्र तिने सांगितलं नाही. अनिलराव समोरच्या भिंतीवरच्या फुफ्फुसाच्या चित्राकडे बघत होते. डॉक्टरांनी श्वासातून घ्यायचा फवारा लिहून दिला, गोळ्या दिल्या, महिन्याने या म्हणाले.

तो महिना रजनीने कसा काढला, तिलाच ठाऊक. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने पिंजरे बैठकीतून गॅलरीत नेले. गॅलरीचं दार लावून घेतलं, मग मुकादम दारावर चोच आपटायला लागला म्हणून फट ठेवली. अनिलरावांच्या हातून साफसफाई काढून घेतली, तर दोन दिवसांनी सकाळी ती दूध आणायला खाली गेली असताना त्यांनी ती परत उरकून टाकली होती. "मी करीन म्हटलं होतं ना!" ती ओरडली. "झालं," ते म्हणाले. ती फोनवर काहीबाही वाचायची आणि अर्ध्यातच बंद करायची. रोज ठरवायची की उद्या देवयानीला फोन करायचा, पक्षी घेऊन जा म्हणायचं. रोज सकाळी मुकादम खांद्यावर बसायचा आणि तिला वाटायचं, खरंच कबुतराचं असेल फक्त, यांचं नसेल. औषध लागू पडायला वेळ लागतो. एक आठवडा बघू. तिला स्वतःची लाज वाटायची आणि तरीही ती फोन करायची नाही.

आणि याच महिन्यात मुकादमाने तो खोकला उचलला.

डिसेंबरातला रविवार. रजनी स्वयंपाकघरात थालीपिठं लावत होती. बाहेरून खोकला आला, तीन आखूड, एक लांब. "कोण ते?" तिने विचारलं. उत्तर नाही. उलथणं तिच्या हातात थांबलं. पण तव्यावरचं थालीपीठ जळायला आलं होतं, आणि गेल्या आठ दिवसांत त्या लबाड पक्ष्याने तिला बारा वेळा पळवलं होतं. "पुरे रे तुझी नक्कल," ती म्हणाली आणि थालीपीठ उलटलं. पुन्हा खोकला. पुन्हा. मग एक लांब, ओढलेला आवाज. "आज अंगातच आलंय याच्या," असं म्हणत तिने लोण्याचा डबा काढायला मान वर केली.

मुकादम समोर फ्रिजवर बसला होता. तुरा ताठ उभा, चोच मिटलेली. तो तिच्यासारखाच कान देऊन ऐकत होता.

अनिलराव गॅलरीत जमिनीवर बसलेले सापडले. एका हातात कुंचा, बाजूला उघडा ट्रे. ओठ जांभळे. श्वास आत जातच नव्हता, खांदे तेवढे वर-खाली होत होते. रजनी दाराकडे धावली. ती बंगालीत ओरडली की मराठीत, हे तिला आजही आठवत नाही. समोरचे घोषबाबू धावत आले, त्यांनी आणि वॉचमनने खुर्चीत बसवून अनिलरावांना तीन मजले खाली आणलं. टॅक्सीत ती त्यांची पाठ चोळत होती आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. आपण थालीपीठ उलटलं. ते बोलावत होते आणि आपण थालीपीठ उलटलं.

हॉस्पिटलात नळ्या लागल्या, ऑक्सिजन लागला, छातीचा स्कॅन झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर सान्याल फिल्म घेऊन आले. खाटेवर अनिलराव उशीला टेकून बसले होते, तोंडावर मास्क. डॉक्टरांचा चेहरा आज प्रेमळ नव्हता.

"हे काहीतरी श्वासातून जातंय," ते रजनीला बंगालीत म्हणाले. "रोज जातंय, आणि पुष्कळ. फुफ्फुसाला त्याचं वावडं आहे. घरात काय आहे? नीट आठवा."

खोलीत यंत्राचा बारीक आवाज होता. रजनीने पदर मुठीत धरला. "पक्षी आहेत," ती म्हणाली. "पाच. एक कॉकटील आणि चार बद्री. तीन वर्षं झाली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"कबुतरांचं विचारलं होतं," असं ती म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. आणि ते वाक्य जिभेवर येताच तिला स्वतःचा असा तिटकारा आला की तिने ते गिळलं. डोळे भरून आले. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मला कळलं होतं. पुरीतच कळलं होतं. मी मुद्दाम—"

खाटेवरून आवाज आला. अनिलरावांनी मास्क बाजूला केला होता. ते डॉक्टरांकडे बघत होते.

"ओ ना," ते म्हणाले. मध्ये श्वास घेतला. "आमी. आमी बोलिनी."

ती नाही. मी. मी सांगितलं नाही. मोडकंतोडकं, पण बंगाली. उभ्या आयुष्यात नवऱ्याच्या तोंडून तिने ऐकलेलं पहिलं बंगाली वाक्य. डॉक्टरांनी एकदा या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या, आणि मान हलवली. म्हाताऱ्या डॉक्टरांना अशी जोडपी नवी नसतात. "मास्क लावा," ते म्हणाले. "पक्षी आजच हलवा. घर धुऊन काढा, पडदे, गाद्या, सगळं. आणि ज्यांच्याकडे द्याल त्यांच्याकडे भेटायला जाऊ नका. कपड्यांवरूनही ती भुकटी घरी येते."

देवयानी त्याच संध्याकाळी आली. रजनीने राळ्यांची बरणी दिली, चोच घासायचे समुद्रफेसाचे तुकडे दिले, कोणाला काय आवडतं ते सांगितलं. मुकादम पिंजऱ्यात जाईना. तो रजनीच्या खांद्यावर पंजे रुतवून बसला. शेवटी तिनेच त्याला दोन्ही हातांत धरून आत ठेवला आणि दार लावलं. त्याचं काळीज तिच्या तळव्यात फडफडलं, तेवढं फार झालं. देवयानी जिन्यात असताना खालून खोकला ऐकू आला. रजनी दार लावून आत आली आणि पडदे काढायला लागली. पडदे काढता काढता ती हमसून हमसून रडली. पक्ष्यांसाठी की नवऱ्यासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

मार्चमध्ये पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. सूज बरीच उतरली होती. खाली दोन्हीकडे मात्र पांढऱ्या रेघांची जाळी तशीच होती.

"हे?" रजनीने विचारलं.

"हे राहील. वण आहे तो. जे वाळलं ते वाळलं. पण वाढू दिलं नाही तर एवढ्यावर माणूस पुष्कळ वर्षं जगतो."

तिला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायचं धैर्य गोळा करायला तिला तीन महिने लागले होते. "नोव्हेंबरात मी खरं सांगितलं असतं तर?"

डॉक्टर फिल्म पाकिटात घालत होते. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "थोडं कमी असतं," ते म्हणाले.

दोघं रिक्षाने घरी आले. जिन्यापाशी अनिलरावांनी नेहमीसारखा कठडा धरला. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या मध्यावर ते थांबले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. रजनीला राहवेना. तिला राग आला होता, खरा, लाल राग, आणि तो तीन महिने तुंबला होता.

"तुम्हाला पायरा म्हणजे काय ते कळत होतं ना? त्या दिवशी? मी काय लपवलं तेही कळत होतं. मग का नाही बोललात? मी एक मूर्ख, पण तुम्ही? तुमचा जीव जात होता हो!"

त्यांनी कठड्याकडे हात नेला. श्वास जागेवर यायची वाट बघत होते की शब्दांची, कोण जाणे.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू त्यांना त्याच दिवशी देऊन टाकलं असतंस."

"मग? द्यायलाच हवे होते!"

"मग तू बोलली असतीस कोणाशी?" ते थांबले. पुन्हा श्वास घेतला. "मी पिंजरे साफ करायचो... तू तिथेच बसून बोलायचीस त्याच्याशी. घोषबाईंचं. तुझ्या आईचं स्वप्न. गुडघ्याचं. मला तेवढंच ऐकू यायचं तुझं. दिवसाकाठी अर्धा तास."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. इतकं लांब उत्तर त्यांनी आजवर दिलं नव्हतं, आणि ते देताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. रजनी जिन्यात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला ऐकायचं होतं, आणि त्यासाठी तो रोज पाऊण तास पिंजऱ्यात तोंड घालून बसला होता. मागायचं कसं हे त्याला आलं नाही आणि तो ऐकतोय हे तिने पाहिलं नाही. तिला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तिने त्याच्या हातातली फिल्मची पिशवी तेवढी घेतली.

वर जायला अजून दीड मजला होता. त्यांना लगेच निघता येणार नव्हतं, आणि थांबावं लागतं याची त्यांना लाज वाटत होती, तेही तिला दिसत होतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "घोषबाईंची सून माहेरी गेलीय, ठाऊक आहे का तुम्हाला? काल भाजीवालीपाशी सांगत होत्या. आता खरं काय झालं ते ऐका."

ते कठडा धरून तिच्या शेजारी बसले. रजनी बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचा एक कान त्यांच्या श्वासावर होता.